स्थूल अर्थशास्त्राचा पहिला पेपर: अभ्यास कोणत्या क्रमाने करावा आणि नेमके कुठे चुकते

स्थूल अर्थशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासताना दरवर्षी एकच चित्र दिसते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स याच्या सिद्धांताची गृहीतके ओळीने पाठ असतात, टीकेचे सात मुद्दे असतात, निष्कर्षही असतो. पण ‘सीमांत उपभोग प्रवृत्ती ०.८ असल्यास गुणक किती?’ एवढेच विचारले की खालची जागा कोरी राहते. (सीमांत उपभोग प्रवृत्ती म्हणजे वाढीव उत्पन्नातला उपभोगावर जाणारा भाग; गुणक म्हणजे खर्चातल्या वाढीच्या किती पट उत्पन्न वाढते तो आकडा.) असे विद्यार्थी कष्टाला कमी पडत नाहीत. त्यांनी राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब ‘नंतर बघू’ म्हणून सोडलेला असतो, आणि पुढचे प्रत्येक प्रकरण त्याच हिशेबावर उभे असते. खालील टप्पे मराठी माध्यमातून पदवीच्या पहिल्या वर्षाला हा विषय घेणाऱ्या मराठवाड्यातील विद्यार्थ्यांसाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नये.

## पूर्वतयारी: तीन वह्या आणि थोडे गणित

आपल्या विद्यापीठाचा चालू वर्षाचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून छापून घ्यावा. ज्येष्ठ विद्यार्थ्याने दिलेला अभ्यासक्रम चालणार नाही, कारण नव्या शैक्षणिक धोरणानंतर श्रेयांकांची आणि प्रकरणांची मांडणी बदलली आहे. त्यानंतर एकच मुख्य पाठ्यपुस्तक निवडावे. दोन गाइडे आणि एक झेरॉक्स नोट्सचा गठ्ठा एकत्र वाचणाऱ्याच्या हाती एकाच संकल्पनेची तीन नावे आणि दोन सूत्रे येतात.

तीन वह्या कराव्यात: एक संज्ञांची, दुसरी आकृत्यांची आणि तिसरी उदाहरणांची, म्हणजे आकडेमोडीची. तिसरी वही बहुतेक जण करत नाहीत आणि गुण तिथेच जातात.

तपासणी: २५० चे ३०० झाले तर वाढ किती टक्के? १ भागिले ०.२ किती? क = २०० + ०.८क यात क किती? उत्तरे अनुक्रमे २०, ५ आणि १०००. यांपैकी एकही अडले तर पुढे जाण्यापूर्वी दोन दिवस नववी-दहावीच्या गणिताला द्यावेत. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

## टप्पा १: संज्ञा आधी सोडवून घ्या

आपल्या माध्यमाची एक खास अडचण इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही: काही मराठी संज्ञा दुहेरी आहेत किंवा त्यांचा रोजचा अर्थ आड येतो.

‘स्थूल’ हा शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतो. ‘स्थूल अर्थशास्त्र’ म्हणजे संपूर्ण अर्थव्यवस्थेचा अभ्यास. ‘स्थूल देशांतर्गत उत्पादन’ यातील स्थूल म्हणजे घसारा, अर्थात यंत्रे-इमारतींची वर्षभरातली झीज, वजा न केलेले. विषयाला काही पुस्तकांत ‘समग्रलक्षी अर्थशास्त्र’ म्हटलेले असते. दोन्ही नावे एकाच विषयाची आहेत, एवढे वहीत लिहून पुढे जावे.

‘चलनवाढ’ हा शब्द त्याहून जास्त फसवा आहे. शब्दशः वाचून विद्यार्थी ‘चलनवाढ म्हणजे चलनाच्या पुरवठ्यातील वाढ’ असे लिहून टाकतात. संज्ञा सर्वसाधारण किंमतपातळी सातत्याने वाढण्याची आहे. चलनपुरवठा वाढणे हे तिचे एक संभाव्य कारण आहे. मोंढ्यात एका आठवड्यात सोयाबीनचा भाव चढला, तर तीही चलनवाढ नव्हे, कारण ती एका मालाची किंमत आहे.

‘गुंतवणूक’ म्हणजे आपल्या घरी प्लॉट, शेअर किंवा मुदत ठेव. या विषयात मात्र गुंतवणूक म्हणजे नवी यंत्रे, नवी बांधकामे आणि मालाच्या साठ्यात झालेली वाढ. वाळूजजवळचा प्लॉट एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याने देशात काहीही नवे निर्माण होत नाही. (सोन्याबद्दल वाद घालणाऱ्या चौकस विद्यार्थ्यासाठी: भारताच्या राष्ट्रीय लेख्यांत ‘मौल्यवान वस्तू’ अशी वेगळी नोंद भांडवलनिर्मितीत केली जाते. पहिल्या वर्षाच्या उत्तरात ते आणण्याची गरज नाही.)

‘एमपीसी’ हे संक्षिप्त रूप सीमांत उपभोग प्रवृत्तीसाठीही वापरतात आणि रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीसाठीही. उत्तरात पूर्ण मराठी नावच लिहावे.

इशारा: संज्ञांच्या वहीत पुस्तकातली व्याख्या उतरवू नये. संज्ञा, तिचे दुसरे प्रचलित नाव, एकक आणि ‘ही काय नाही’ असे चार रकाने करावेत. चौथा रकाना सर्वांत उपयोगी पडतो.

## टप्पा २: साठा आणि प्रवाह

हा टप्पा एका तासाचा आहे, पण तो चुकला तर शेवटपर्यंत त्रास देतो. पावसाळ्यात जायकवाडीच्या बातमीत दोन आकडे असतात. धरणात किती टीएमसी पाणी आहे तो साठा, आणि किती क्युसेकने आवक सुरू आहे तो प्रवाह. साठा एका क्षणाला मोजतात. प्रवाह एका कालावधीचा असतो.

राष्ट्रीय उत्पन्न, बचत, गुंतवणूक आणि राजकोषीय तूट (कर्ज सोडून सरकारच्या जमेपेक्षा वर्षात झालेला जादा खर्च) हे प्रवाह आहेत. चलनपुरवठा, भांडवल आणि सरकारवरील कर्ज हे साठे आहेत. ‘यंदा तूट कमी झाली, म्हणून सरकारचे कर्ज कमी झाले’ हे वाक्य चुकीचे आहे: आवक मंदावली तरी धरणातले पाणी वाढतच असते, तसे तूट कमी झाली तरी ती शून्याच्या वर असेपर्यंत कर्जात भर पडतच राहते.

## टप्पा ३: राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशेब

येथे घाई करू नये. उपलब्ध वेळेचा चौथा भाग या एका प्रकरणाला दिला तरी तो वाया जाणार नाही.

पहिले काम दुहेरी गणना टाळण्याचे. आकडे सोयीसाठी कल्पित घेतले आहेत. एका शेतकऱ्याने बियाणे, खते आणि फवारणीवर १,२०,००० रुपये खर्च करून पिकवलेली तूर लातूरच्या डाळ मिलला ७,००,००० रुपयांना विकली. मिलने विजेवर २०,००० खर्च करून डाळ ८,५०,००० रुपयांना किराणा व्यापाऱ्यांना दिली, आणि ग्राहकांनी ती ९,५०,००० रुपयांना घेतली. चुरीचा हिशेब सोडून दिला आहे. आता ७, ८.५० आणि ९.५० लाखांची बेरीज करून २५ लाख उत्पादन झाले म्हणणारा विद्यार्थी तीच तूर तीनदा मोजतो.

मूल्यवर्धन असे काढावे. शेतकऱ्याचे ५,८०,०००, मिलचे ८,५०,००० वजा ७,००,००० वजा २०,०००, म्हणजे १,३०,०००, व्यापाऱ्यांचे १,००,०००. निविष्ठा (बियाणे, खते, फवारणी) आणि वीज देशातच तयार झाली आणि त्यांच्यामागे आणखी खरेदी नाही असे धरले, तर त्यांचे १,४०,००० मिळवावेत. एकूण ९,५०,०००, म्हणजे अंतिम वस्तूच्या किमतीइतकेच. हा मेळ बसलाच पाहिजे. बसला नाही तर एखादी मधली खरेदी वजा करायची राहिली आहे.

दुसरे काम ‘हे धरायचे की नाही’ हे ठरवण्याचे. परीक्षेत यावर छोटे प्रश्न हमखास येतात, आणि आपल्या भागातली उदाहरणे घेतली तर नियम चटकन लक्षात राहतो.

पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये ही हस्तांतरित रक्कम आहे. तिच्या बदल्यात त्या वर्षी वस्तू वा सेवा दिलेली नाही, म्हणून ती उत्पादनात धरत नाहीत. शेतकऱ्याने त्या पैशातून घरच्या वापरासाठी नवी वस्तू घेतली की ती खरेदी उपभोगात येते. सरकारी खर्च म्हणजे अंदाजपत्रकाचा सगळा आकडा, ही चूक याच ठिकाणी होते. ऊसतोड मजुराने मुकादमाकडून घेतलेली उचल हे उत्पन्न नसून अग्रिम आहे. फडावर केलेल्या कामाची मजुरी, मग ती उचलीत वळती झालेली असो, हे त्याचे उत्पन्न. जुना ट्रॅक्टर विकला तर त्याची किंमत धरत नाहीत, पण दलालाची दलाली धरतात, कारण ती यंदाची सेवा आहे. घरी खाण्यासाठी ठेवलेली ज्वारी भारताच्या हिशेबात बाजारभावाने अंदाजून धरली जाते. त्याच ज्वारीच्या घरात थापलेल्या भाकरीचे श्रम मात्र धरले जात नाहीत. या शेवटच्या नियमावर वर्गात वाद होतो, आणि तो व्हावाच. पण उत्तरपत्रिकेत आधी नियम लिहून नंतर मर्यादा लिहावी.

तिसरे काम वजाबाकीच्या क्रमाचे. बाजारभावानुसार स्थूल देशांतर्गत उत्पादनातून घसारा वजा केला की ते निव्वळ होते. परदेशातून मिळालेले निव्वळ घटक उत्पन्न (आपल्या लोकांनी बाहेर मिळवलेले वेतन, व्याज, नफा वजा बाहेरच्यांनी इथे मिळवलेले) मिळवले की देशांतर्गतचे राष्ट्रीय होते. अप्रत्यक्ष कर वजा करून अनुदाने मिळवली की बाजारभावावरून घटक किमतीवर, म्हणजे श्रम, जमीन, भांडवल यांना मिळणाऱ्या रकमेवर, येतो. तीन फरक, तीन पायऱ्या. एका वेळी एकच पायरी उतरावी आणि प्रत्येक पायरीला नाव लिहावे.

इशारा: जानेवारी २०१५ मध्ये भारताने आधारवर्ष २००४-०५ वरून २०११-१२ केले, आणि त्याच वेळी घटक किमतीनुसारचा मथळ्याचा आकडा सोडून मूलभूत किमतीनुसार (वस्तूवरील कर वगळून आणि अनुदान धरून उत्पादकाच्या हाती पडणाऱ्या किमतीनुसार) स्थूल मूल्यवर्धन आणि बाजारभावानुसार देशांतर्गत उत्पादन देण्यास सुरुवात केली. अनेक गाइडांत अजून जुनी मांडणी आहे. आकडे देणारी संस्था म्हणूनही जुनी ‘केंद्रीय सांख्यिकी संघटना’ लिहिलेली असते. २०१९ पासून ते काम राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाकडे आहे.

आयातीबद्दलही सांगायला हवे. खर्चाच्या सूत्रात आयात वजा करतात, म्हणून ‘आयातीमुळे देशाचे उत्पादन घटते’ असे लिहिले जाते. आयात केलेला माल उपभोगात, गुंतवणुकीत किंवा सरकारी खरेदीत आधीच मोजला गेलेला असतो. तो देशात बनलेला नाही म्हणून काढून टाकतात, एवढाच त्या वजाबाकीचा अर्थ आहे.

## टप्पा ४: चालू किमती, स्थिर किमती आणि भाववाढ

पहिल्या वर्षी १०० क्विंटल कापूस ६,००० रुपये भावाने, दुसऱ्या वर्षी पाऊस कमी पडून ९० क्विंटल ७,००० रुपये भावाने विकला. चालू किमतींनी मूल्य ६,००,००० वरून ६,३०,००० झाले, म्हणजे ५ टक्के वाढ. स्थिर, म्हणजे पहिल्या वर्षाच्या किमतींनी ते ५,४०,०००, म्हणजे १० टक्के घट. चालू मूल्याला स्थिर मूल्याने भागून १०० ने गुणले की ११६.६७ येते; हा अपस्फीतिकारक. हे उदाहरण भाव आणि क्विंटल बदलून वहीत पाच वेळा करावे.

भाववाढीच्या, म्हणजेच चलनवाढीच्या, उत्तरांत एक चूक फार जुनी आहे. भाववाढीचा दर ६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला, याचा अर्थ किमती उतरल्या असा होत नाही. त्या अजून वाढतच आहेत, फक्त कमी वेगाने. टक्का आणि टक्केबिंदू (दोन दरांमधली सरळ वजाबाकी) यांतही गल्लत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (व्याख्या टप्पा ६ मध्ये) ६.५० वरून ६.२५ झाला, ही ०.२५ टक्केबिंदूंची घट आहे, ०.२५ टक्क्यांची नव्हे.

बेरोजगारीच्या दराचा छेदही याच टप्प्यात पक्का करावा. छेदात लोकसंख्या नसते, श्रमशक्ती असते: काम करणारे आणि काम शोधणारे किंवा कामास तयार असलेले. शहरातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण कोठे मोजायचा, याचे उत्तर तो काम मिळाल्यास करण्यास तयार आहे की नाही यावर ठरते. वर्गातला निम्मा भाग याच प्रश्नावर गप्प होतो.

## टप्पा ५: उत्पन्ननिश्चिती आणि गुणक

आता केन्स. आधी नाही.

उपभोग = २०० + ०.८ × उत्पन्न आणि नियोजित गुंतवणूक ३०० घ्यावी. समतोलात उत्पन्न म्हणजे एकूण खर्च, म्हणून ०.२ × उत्पन्न = ५००, आणि उत्पन्न २,५००. ताळा: बचत = ०.२ × २,५०० वजा २०० = ३००, म्हणजे गुंतवणुकीइतकी.

पुढे मुद्दाम चुकीचे उत्पन्न, २,०००, घेऊन पाहावे. उपभोग १,८००, गुंतवणूक ३००, एकूण मागणी २,१००. उत्पादन २,००० च असल्याने दुकाने आणि गोदामांतला १०० चा माल नको असताना कमी होतो. प्रत्यक्ष गुंतवणूक ३०० वजा १००, म्हणजे २००, बचतही २००. ‘बचत आणि गुंतवणूक नेहमी समान असतात’ आणि ‘फक्त समतोलात समान असतात’ ही दोन्ही विधाने पुस्तकात का आढळतात, ते या एका उदाहरणाने सुटते: पहिले प्रत्यक्ष झालेल्या गुंतवणुकीबद्दल आहे, दुसरे ठरवलेल्या गुंतवणुकीबद्दल.

गुणक = १ ÷ (१ − सीमांत उपभोग प्रवृत्ती). वरील उदाहरणात तो ५. गुंतवणूक १०० ने वाढली तर उत्पन्न ५०० ने वाढून ३,००० होते. सूत्रावर थांबू नये. १००, ८०, ६४, ५१.२ असे निदान चार फेरे हाताने लिहावेत. त्यानंतर गळती घालावी. उत्पन्नाच्या २५ टक्के कर धरला तर गुणक १ ÷ (१ − ०.८ × ०.७५), म्हणजे २.५. त्यावर सीमांत आयात प्रवृत्ती ०.१ धरली तर २. गावातल्या रस्त्याच्या कामाची मजुरी किराण्यावर खर्च होते, पण किराण्यातले तेल, साबण, बिस्किटे बाहेरून येतात. गळती म्हणजे काय हे आपल्याकडे शिकवायला दुसरे उदाहरण शोधावे लागत नाही.

तपासणी: गुणक १ पेक्षा कमी आला तर, या साध्या प्रतिमानात तरी, कंसाचे चिन्ह चुकले आहे.

## टप्पा ६: पैसा आणि व्याजदर

रोखे आणि व्याजदर यांचा उलट संबंध आधी आकड्यांत पाहावा, नाहीतर रोखता पसंतीचा, म्हणजे लोक पैसा रोख का धरून ठेवतात हे सांगणारा, केन्सचा सिद्धांत मंत्रासारखा पाठ होतो. वर्षाला ८० रुपये देणारा कायम मुदतीचा रोखा १,००० रुपयांना मिळत असेल तर व्याजदर ८ टक्के. तोच ८०० रुपयांना मिळू लागला तर १० टक्के. देय रक्कम ठरलेली, किंमत उतरली, दर चढला. लोक सट्टा हेतूने, म्हणजे रोख्यांची किंमत उतरेल या अंदाजाने, रोख का धरून ठेवतात ते यानंतर दोन ओळींत समजते.

बँकांच्या पतनिर्मितीत रोख राखीव प्रमाण (ठेवींचा बँकेने राखून ठेवायचा भाग) १० टक्के धरून १,००० रुपयांच्या ठेवीचे फेरे लिहावेत आणि १० पट हा निष्कर्ष ‘कमाल मर्यादा’ म्हणून लिहावा. लोक काही रोख घरी ठेवतात आणि बँका सगळे कर्ज देऊन टाकत नाहीत.

रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक व्यापारी बँकांना रोख्यांच्या तारणावर अल्पकाळासाठी ज्या दराने पैसे देते तो. गृहकर्जाचा दर त्याच्याशी जोडलेला असू शकतो, पण तो दर वेगळा आहे. दर ठरवणारी समिती ६ सदस्यांची असून ग्राहक किंमत निर्देशांकावर आधारित ४ टक्के, वर-खाली २ टक्केबिंदू, हे लक्ष्य २०१६ मध्ये ठरवले गेले.

## टप्पा ७: आयएस-एलएम आणि समग्र मागणी-पुरवठा

आयएस ही वस्तुबाजाराच्या समतोलाची (गुंतवणूक = बचत) रेषा, एलएम ही पैशाच्या बाजाराच्या समतोलाची (पैशाची मागणी = पुरवठा). आकृती छापील पाहून गिरवू नये. आडव्या अक्षावर उत्पन्न, उभ्या अक्षावर व्याजदर, एवढे लिहून पुस्तक बंद करावे आणि रेषा स्वतः काढाव्यात. मग प्रत्येक घटनेला एकच प्रश्न विचारावा: रेषेवरून सरकायचे की रेषाच सरकवायची? अक्षावर नसलेली गोष्ट बदलली, जसे सरकारी खर्च, कर किंवा चलनपुरवठा, तर रेषा सरकते. अक्षावरची गोष्ट बदलली तर त्याच रेषेवर पुढे-मागे व्हायचे. सरकारी खर्च वाढला की आयएस उजवीकडे. चलनपुरवठा वाढला की एलएम उजवीकडे. समग्र मागणीच्या आकृतीत उभा अक्ष किंमतपातळीचा होतो, हे विसरून व्याजदर तसाच ठेवणारे पुष्कळ आहेत.

इशारा: दोन रेषा एकाच वेळी सरकवू नयेत. एक सरकवावी, नवा छेदनबिंदू लिहावा, मग दुसरी.

## टप्पा ८: चालू आकडे आणि उत्तरलेखन

प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष, एकक आणि तो कोणता अंदाज आहे हे लिहावे. २०२०-२१ मधील भारतीय अर्थव्यवस्थेची घट मे २०२१ मध्ये ७.३ टक्के सांगितली गेली, जानेवारी २०२२ मध्ये ६.६ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ५.८ झाली. तिन्ही आकडे अधिकृतच होते. तारीख न लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तर त्यामुळे चूक ठरू शकते. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असते. पेरणी-काढणीचे वर्ष मनात धरून आकडे जोडू नयेत. आधारवर्ष वेळोवेळी बदलते, म्हणून परीक्षेपूर्वी सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्यावे.

दीर्घोत्तरी प्रश्नात व्याख्या, सूत्र, लहान आकडेवारी, आकृती आणि तिचे स्पष्टीकरण या क्रमाने लिहावे. टीका शेवटी, दोन-तीन मुद्द्यांत. आकृती पेन्सिलने, दोन्ही अक्षांना नावे देऊन आणि समतोल बिंदूला अक्षर देऊन काढावी, आणि मजकुरात त्याच अक्षराचा उल्लेख करावा. नाव नसलेल्या अक्षांच्या आकृतीला मी स्वतः गुण देत नाही.

शेवटच्या आठवड्यात नवे काही वाचू नये. उदाहरणांची वही घ्यावी, उत्तरे कागदाने झाकावीत आणि सगळी पुन्हा सोडवावीत. जिथे ताळा बसत नाही, त्या टप्प्याच्या तपासणीपाशी परत जावे.